फी-सवलत मागायला लाजायचं कशाला?



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या मोसम खोऱ्यात दोन-चार दिवस पेढ्यांचे असतात. त्यानंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात, मुलाला किंवा मुलीला कुठलं तरी चांगलं कॉलेज लागतं, आणि घरातला आनंद एका कागदाशी येऊन अडतो. तो कागद म्हणजे फीचा तक्ता. शिक्षण शुल्क इतके, विकास शुल्क इतके, वसतिगृह इतके, खाणावळ इतकी. मग घरचा कर्ता माणूस ओसरीवर बसून हिशेब करतो. उसाचं बिल कधी निघणार, चाळीतला कांदा आता काढायचा की दिवाळीपर्यंत थांबायचं, सोसायटीचं किती देणं आहे. हिशेब जुळला नाही तर सोनं तारण किंवा सावकार, आणि तेही जमलं नाही तर "जाऊ दे, नामपूरलाच बी. ए. कर."

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट आमच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. ज्या कॉलेजने प्रवेश दिला, त्या कॉलेजकडे जाऊन "एवढे पैसे आमच्याने होत नाहीत, काय सवलत बसते ते सांगा," असं विचारता येतं. विचारणं आपल्या हक्काचं आहे आणि पुष्कळदा त्याचा उपयोगही होतो. या विषयावर आज चार शब्द लिहायचे आम्ही ठरवले, याचं कारण म्हणजे मागच्या काही वर्षांत केवळ विचारलं नाही म्हणून शिक्षण अर्ध्यावर सोडलेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावात हाच शेतकरी कसा उभा असतो ते पाहा. व्यापाऱ्याने मनासारखा भाव पुकारला नाही तर तो ट्रॅक्टर तसाच बाहेर काढतो, उद्या सटाण्याला नेतो, नाहीतर उमराण्याला नेतो. हमाली-तोलाईत दोन रुपये जास्त कापले तर पावती धरून भांडतो. साखर कारखान्याच्या काट्यावर वजनात फरक वाटला तर गाडी परत काट्यावर घ्यायला लावतो आणि तसं करण्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. पण तोच माणूस कॉलेजच्या कचेरीत गेला की टोपी हातात घेतो. खिडकीतल्या कारकुनाने "पूर्ण फी भरा, नाहीतर जागा जाईल" म्हटलं की त्याची वाचाच बसते. शिक्षण म्हणजे देवाचं काम आणि तिथं पैशाचं बोलायचं नाही, असं आपल्या मनात कुठंतरी बसलं आहे. ही भीड आता सोडली पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण मानाची. "फी-माफी मागितली तर लोक काय म्हणतील? पाटलाचं घर आणि हात पसरतो?" या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही एकच उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. तीन वर्षांत अभ्यास आटोपेना तेव्हा त्यांनी मुदतवाढ मागितली. लंडनला शिक्षण चालू असताना १९१७ साली शिष्यवृत्ती संपून परत यावे लागले, तर लंडन विद्यापीठाकडून "पुढच्या चार वर्षांत येऊन अभ्यास पुरा करीन" अशी परवानगी लेखी घेऊनच ते निघाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून दीड हजार रुपयांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० मध्ये परत लंडन गाठले. तिथंही पैसे अपुरे पडले तेव्हा १९२१ साली शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. या माणसाला स्वाभिमान नव्हता असं कुणी म्हणेल काय? शिक्षण पुरे करण्यासाठी किती कमी पडतात, कशासाठी पडतात आणि परत कसे देणार हे सांगून मागणं याला भीक म्हणत नाहीत.

आणि आपल्या बाबतीत तर आणखी एक मुद्दा आहे. ही कॉलेजं उभी कुणाच्या पैशावर राहिली? १९१४ साली नाशिकला उदाजी मराठा बोर्डिंग निघालं, त्यातून मविप्र समाजाचा एवढा मोठा वृक्ष झाला, तो खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या आधारावर. निफाडला साखर कारखाना उभारणाऱ्या काकासाहेब वाघांच्या नावाची शिक्षण संस्था १९७० सालची. प्रवरानगर, वारणा, कोपरगाव, जिथं जिथं सहकारी धुराडं उभं राहिलं तिथं मागोमाग शाळा-कॉलेज उभं राहिलं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि पुढं ती गावोगाव झाली. राज्यात कित्येक ठिकाणी उसाच्या बिलातून टनामागे कपात होऊन शिक्षणसंस्थांना पैसा गेलेला आहे. त्या शेतकऱ्याचं पोर आज त्याच खिडकीपुढे उभं राहून सवलत विचारत असेल तर ते परक्या दारात उभं नाही, एवढं तरी त्याच्या बापाला कळायला हवं.

आता कामाचं बोलू. कॉलेजशी बोलायचं म्हणजे बाजारातली घासाघीस नव्हे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी आपल्या राज्यात २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि देणगी म्हणून वरचे पैसे मागणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा पहिलं काम हे की त्या कॉलेजची, त्या अभ्यासक्रमाची, त्या वर्षाची मंजूर फी किती हे पाहून जावं. खिडकीवर सांगितलेला आकडा आणि मंजूर आकडा यात फरक दिसला तर तिथल्या तिथं विचारावं. पुष्कळदा त्यात वसतिगृह, बस, गणवेश असं काहीबाही मिसळलेलं असतं. मुलगा नाशिकला मामाकडे राहणार असेल तर वसतिगृहाचे पैसे कशाला भरायचे?

दुसरं काम सरकारी सवलतीचं. आपल्यातले साठीच्या पुढचे कित्येकजण "ईबीसी"वर शिकले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी-माफी मिळू लागली, आणि त्या एका निर्णयाने खेड्यातली एक पिढी कॉलेजात गेली. तीच वाट आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने चालू आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती, आदिवासी मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. फी सुटली तरी राहण्या-जेवणावर अडणारी मुलं पुष्कळ, आणि हाच भत्ता आमच्याकडे सगळ्यांत कमी लोकांना ठाऊक असतो.

मुलींच्या बाबतीत तर आता बोलायलाच नको. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर सवलत नाही. असं असताना आजही घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री मुलीच्या शिक्षणावर लागते. पोरासाठी कर्ज काढतात, पोरीला सांगतात, तुझं तसंही लग्नच करायचं आहे. अहो, जिची फी शून्य आहे तिला घरी बसवता आणि ज्याची लाखभर आहे त्याच्यासाठी रान गहाण टाकता, हा कुठला हिशेब? आम्हाला तर हा मूर्खपणा वाटतो. कुणाला राग आला तर येवो.

एक सवलत मात्र अशी आहे की ती प्रवेश झाल्यावर मागून उपयोग नाही. शुल्कमाफीच्या ज्या पाच टक्के जादा जागा असतात, त्यांचा पर्याय प्रवेशाच्या अर्जातच भरावा लागतो. ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी बारावीचं पोर आहे त्यांनी हे आत्ताच वहीत लिहून ठेवावं.

आता खरी बोलणी कुठं असते? सरकारी सवलत वजा जाता जे उरतं, त्यावर. ते हप्त्याने घ्या म्हणता येतं. वसतिगृहाच्या पैशात सूट मागता येते. संस्थेचा स्वतःचा गरीब विद्यार्थी निधी, माजी विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, एखाद्या दात्याच्या नावाची ठेव, असं काही ना काही बहुतेक जुन्या संस्थांकडे असतं. जाहिरात कुणी करत नाही, विचारणाऱ्यालाच कळतं. पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत तासावर काम करून हातखर्च निघतो. खासगी विद्यापीठांचा मामला वेगळा. तिथं गुणांवर सूट देण्याची पद्धत असते, आणि दुसऱ्या विद्यापीठाने जास्त सूट देऊ केल्याचं पत्र तुमच्याकडे असेल तर ते दाखवून "तुम्ही काय करता?" असं विचारण्यात काहीही गैर नाही.

अमेरिकेत तर ही गोष्ट कुणाला लाजिरवाणी वाटत नाही. तिथल्या कॉलेजात मदतीची वेगळी कचेरीच असते. प्रवेशाबरोबर मदतीचा आकडा कळवतात, आणि मधल्या काळात बापाची नोकरी गेली, घरात मोठं दुखणं आलं, तर कागद पाहून तो आकडा बदलण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला कायद्याने दिलेला आहे. पालक रीतसर फेरविचाराचा अर्ज करतात. आपल्याकडे एवढी सोय नाही हे खरं, पण त्यातलं तत्त्व आपल्याला लागू आहे. उत्पन्नाचा दाखला असतो मागच्या वर्षाचा आणि फी भरायची असते या वर्षी. शेतकऱ्याचं मागचं वर्ष आणि हे वर्ष सारखं कधी असतं? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. त्या काळात ज्यांचा कांदा निघाला त्यांच्या खिशात काय पडलं हे बागलाणात कुणाला सांगायला नको. दाखल्यावरचा आकडा एक आणि घरातली परिस्थिती दुसरी. अशा वेळी कांदापट्ट्या, उसाच्या बिलाचा तक्ता, डाळिंबावर तेल्या पडून बाग काढली असेल तर पंचनामा, पीककर्जाचा उतारा, हे सगळं अर्जाला जोडावं. तोंडी रडगाणं कचेरीत रोज शंभर लोक गातात. कागद आणणारे थोडे असतात, आणि अधिकाऱ्याला हात सैल सोडायचा असला तरी त्याला आधाराला कागदच लागतो.

अर्ज लिहायचा तो कारकुनाच्या नावे नव्हे, प्राचार्यांच्या नावे. दोन पानांच्या वर नको. मुलाला किती गुण मिळाले, फी किती, सरकारी सवलत किती बसते, आमच्याने किती होतात आणि किती कमी पडतात, हे आकड्यांत असावं. "जी काही सवलत शक्य असेल ती द्यावी" असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. "उरलेले चाळीस हजार ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत भरू" असं लिहिलं तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का आणि तारीख पाहूनच खिडकी सोडावी. आणि बोलायला शक्यतो मुलाला किंवा मुलीला पुढं करावं, आपण शेजारी बसावं. ज्याला शिकायचं आहे त्याच्या तोंडून ऐकलेलं वेगळं पोचतं.

वेळेचंही भान हवं. फेरीत जागा लागल्यापासून ती पक्की करायला मोजके दिवस असतात. बोलायचं ते त्याच दिवसांत. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता खिडकीवर पोचणाऱ्याशी कुणीच नीट बोलत नाही.

आता चिठ्ठीबद्दल. आमच्याकडे अर्ज करायच्या आधी साहेबांची चिठ्ठी आणायची रीत आहे. चिठ्ठीने काम होत नाही असं आम्ही म्हणत नाही, कधीकधी होतं. पण जे नियमात बसतं ते चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि चिठ्ठीने मिळालेल्या दोन हजारांच्या सवलतीपायी माणूस पाच वर्षं मिंधा होतो. शिवाय चिठ्ठी आणणाऱ्यांची रांग लांबली की ज्याला कुणी साहेब नाही, त्या ऊसतोडणी मजुराच्या पोराचा अर्ज तळाला जातो. तेव्हा आधी अर्ज, आधी कागद.

त्याहून वाईट गोष्ट खोट्या दाखल्यांची. बंगला आहे, चारचाकी आहे, द्राक्षाची बाग परदेशी माल पाठवते, आणि उत्पन्नाचा दाखला लाखाच्या आत! असे दाखले कोण काढतं हे गावाला माहीत असतं, बोलत कुणी नाही. निधी ठराविक असतो. एकाने खोट्याने उचलला की दुसरा खरा गरजवंत बाहेर राहतो, आणि कचेरीतली माणसं मग सगळ्याच शेतकऱ्यांकडे संशयाने पाहतात. सवलत मागायला लाजू नका असं आम्ही म्हणतो ते ज्यांना गरज आहे त्यांना. ज्यांना नाही त्यांनी लाजावं.

अर्ज नाकारला तर? तर कारण लेखी मागावं. सवलतीत बसणाऱ्या मुलामुलींकडून माफीची रक्कम आधी भरून घेऊ नये असं सरकारने कॉलेजांना वारंवार कळवलं आहे. तरी कुणी अडवलं, किंवा मूळ कागदपत्रं अडकवून ठेवली, तर तंत्रशिक्षण विभागाचं विभागीय कार्यालय नाशिकलाच आहे, तिथं तक्रार द्यावी. भांडण नको वाटतं हे आम्ही समजू शकतो, पोरगं चार वर्षं तिथंच शिकायचं असतं. पण लेखी विचारणं म्हणजे भांडण नव्हे. आणि सगळं करून पैसे कमीच पडले तर सावकाराच्या आधी बँकेत जावं. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही अशी बँकांची पद्धत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांतल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सूट आहे. आपलं मूल ज्या कॉलेजात लागलं ते त्या यादीत आहे का, हे आधी पाहावं.

यात कारखान्यांनीही काही करावं असं आम्हाला वाटतं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावं हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तो पाळला गेला तर निम्म्या घरांना सवलत मागायची वेळच येणार नाही. ते जोवर होत नाही तोवर ज्यांच्या घरात प्रवेश झाला आहे अशा सभासदांची राहिलेली बिलं जून-जुलैत आधी काढावीत, आणि ऊस किती गेला, पैसे किती मिळाले, किती बाकी आहेत, असा सही-शिक्क्याचा तक्ता मागेल त्याला एका दिवसात द्यावा. याला संचालक मंडळाचा एक ठराव लागतो, पैसा लागत नाही. येत्या वार्षिक सभेत कुणी सभासदाने हा विषय मांडावा, आम्ही पाठिंबा देऊ.

शेवटी एक सूचना राहिली. महाडीबीटीवर पहिल्या वर्षी अर्ज भरला म्हणजे चारही वर्षांचं काम झालं असं समजू नका. दरवर्षी तो नव्याने भरावा लागतो, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं चालू आहे की नाही हेही दरवर्षी पाहावं लागतं. दुसऱ्या वर्षी अर्ज राहून गेला म्हणून सवलत बुडालेली मुलं आपल्याच गावांत आहेत. उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडे निकालानंतर झुंबड उडते, तेव्हा तो मे महिन्यातच, कांदा चाळीत भरून झाला की, काढून ठेवावा.